भरल्या पोटाची साक्ष

पहिलं वाडगं चौदा सेकंदांत, दुसरं बारा आणि तिसरं पंधरा. सुभेदार भोईट्यांनी हे आकडे वहीत टिपेपर्यंत पेढा हा कुत्रा चौथं वाडगं शोधायला लागलासुद्धा. चौथं वाडगं नव्हतंच. मग त्याने प्रयोगशाळेतल्या तिघांकडेही एकेकदा पाहिलं, जरा विचार केला, आणि सरळ जाऊन आपला उजवा पंजा डॉ. इंदुमती पाटसकरांच्या गुडघ्यावर ठेवला.

“लाचार कुठला!” डॉक्टर हसल्या. “माझ्या खिशात राजगिऱ्याची चिक्की आहे, हे याला बरोबर कळतं.”

चिक्कीचा तुकडा मोडून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला. “काय करणार? साडेअकरा वाजले की माझे हातपाय गळतात. दर दोन तासांनी काही खाल्लं नाही तर मी माणसांत नसते. इथे नोकरीला लागले तेव्हा मी काडीसारखी होते, खोटं वाटेल तुला. आता पेढा आणि मी, दोघं एकाच काट्यावर!”

“खोटा इशारा, येक,” असं म्हणत भोईट्यांनी तेही लिहून घेतलं. सैन्यात तीस वर्षं कुत्रे शिकवलेला माणूस तो. वही हातातून खाली ठेवेल तर शपथ.

शलाका तांडेल मात्र हसली नाही. पेढा तिचा होता.

अलिबागच्या किनाऱ्यालगत समुद्रावर जी नवी तरंगती वस्ती झाली आहे, तिथे शलाका राहायची. दहावीत होती. सातव्या वर्षापासून तिला मधुमेह होता आणि त्यातही एक वाईट खोड होती: तिची शर्करा एकदम खाली घसरायची आणि तिला स्वतःला काहीच जाणवायचं नाही. दंडावर शर्करापट्टी लावलेली होती, पण ती कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, रक्तातली नव्हे. त्यामुळे खरी बातमी तिला पंधरा मिनिटं उशिरा कळते. पंधरा मिनिटं म्हणजे काय, ते शलाकाच्या आईला विचारावं. एकदा तेवढ्या वेळात शलाका धक्क्यावरून थेट पाण्यात पडली होती.

पेढ्याला पंधरा मिनिटं लागत नसत. साखर उतरू लागली की माणसाच्या श्वासाचा वास बदलतो. तो वास आला की पेढा उठायचा आणि पंजा गुडघ्यावर ठेवायचा. पेढ्याला खाऊ मिळायचा, मग शलाका बोटटोच्याने रक्ताचा थेंब काढून खात्री करायची आणि साखरेची गोळी खायची. खाऊ आधी, खात्री नंतर. हा भोईट्यांचा नियम. खरा इशारा बक्षिसावाचून राहिला तर कुत्रा इशारा द्यायचं सोडून देईल, ही त्यांची भीती.

आता या नियमाचा फायदा पाच वर्षांचा एक हुशार लॅब्रॅडॉर कसा घेईल, ते सांगायलाच नको. पंजा ठेवला की खाऊ! रोजचे चौदा-पंधरा इशारे, त्यातले दहा-अकरा खोटे. पेढ्याचं वजन चौतीस किलो झालं होतं आणि मागच्या पायांचे सांधे कुरकुरू लागले होते. महिन्याभरात साहाय्यक श्वान मंडळाची तपासणी होती. बत्तीसच्या वर काटा गेला तर पेढा निवृत्त, आणि शलाकासाठी नव्या कुत्र्याची रांग तीन वर्षांची.

“तर आपण आज याचं कोरडं खाणं ठरवायचं आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी तिन्ही डबे पुढे ओढले. “पहिले दाणे साधे, कमी उष्मांकाचे. दुसऱ्यांत चोथा भरपूर, बीटाचा वगैरे. पोट टम्म होतं. दोन्हींनी वजन उतरेल, पण हा दिवसभर दारोदार पंजे टाकत फिरेल.”

“म्हणजे आताच्यासारखाच,” शलाका म्हणाली. “आणि तिसरे?”

“तिसरे तृप्तिदाणे. ते आम्ही बनवलेत.” डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. “हे बघ. आपण जेवलो की शरीर मेंदूला एक निरोप पाठवतं, पुरे आता. तो निरोप नेणारा एक रेणू असतो. पेढ्याच्या जनुकातला एक बारीकसा तुकडा जन्मतःच गळलेला आहे, म्हणून तो रेणू त्याच्या शरीरात तयारच होत नाही. पोट भरतं, पण निरोप निघत नाही. तृप्तिदाण्यांमध्ये आम्ही तो रेणूच घातलाय. परिणाम दिसायला मात्र काही दिवस जातात.”

“म्हणजे,” शलाका सावकाश म्हणाली, “तो खादाड नाहीये? त्याला खरंच भूक लागलेली असते?”

“सतत.”

“आत्तासुद्धा? तीन वाडगी खाऊन?”

“आत्तासुद्धा.”

पेढा जमिनीवर सांडलेल्या दाण्याचा वास चाटत होता. दाणा केव्हाच पोटात गेला होता.

“बाईसाहेब, येक बोलू?” भोईटे म्हणाले. “ही जात कामाला सोन्यासारखी का? तर भुकेपायी. त्या भुकेला धरूनच आमी त्याला शिकवलं. तुमी ती भूकच काढून घेतली तर ह्यो पंजा उचलंल कशाला? ढेकर दिऊन झोपंल की! आन हिकडं पोरगी...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“शक्य आहे,” डॉक्टर म्हणाल्या. त्या उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. “म्हणूनच हा निर्णय मी एकटी घेणार नाही. शलाका, तुझी आई म्हणाली की तू ठरव. साधे दाणे घेतलेस तर पेढा बारीक होईल, उपाशी राहील आणि काम करेल. तृप्तिदाणे घेतलेस तर तो सुखात राहील. कामाचं मी सांगू शकत नाही.”

शर्करा घसरते तेव्हाची भूक शलाकाला चांगली ठाऊक होती. ती नेहमीची भूक नसतेच. आठवीत असताना एकदा तिने वर्गात मैत्रिणीचा अख्खा डबा, लोणच्याच्या फोडीसकट, रडत रडत खाल्ला होता. आणि सगळे हसले होते. ती भूक वीस मिनिटांत संपते. पेढ्याची पाच वर्षं चालू होती. आणि तिला सुखाने शाळेत बसता यावं म्हणून ती तशीच चालू ठेवायची?

“तिसरे,” ती म्हणाली. “पण काका, तुम्ही महिनाभर माझ्यासोबत शाळेत यायचं. मला भीती वाटतेय, हे मी कबूल करते.”

“येतो की. पुन्यांदा धाव्वीला बसतो,” भोईटे म्हणाले.

डॉक्टरांनी अटी घातल्या. दाणे वाटीने मोजायचे नाहीत, काट्यावर तोलायचे, कारण वाटी भरताना माणसाचा हात प्रेमाने चार दाणे जास्त टाकतोच. बाकी काहीही बदलायचं नाही: तोच नियम, तेवढाच खाऊ, फक्त खाऊ म्हणून एक तृप्तिदाणा. एकच गोष्ट बदलली तरच परिणाम कशाचा ते कळेल.

सहाव्या दिवशी सकाळी शलाकाने डॉक्टरांना एक छायाचित्र पाठवलं. वाडग्याचं. वाडग्याच्या तळाशी तीन दाणे उरलेले होते आणि मागे, धूसर दिसणारा पेढा उन्हात आडवा पसरला होता. खाली तिने लिहिलं होतं: “ठेवले!!! त्याने ठेवले!!!”

त्यानंतर इशारे कमी झाले. चौदाचे नऊ, नवाचे पाच. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा गेला की सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत पेढ्याने पंजा उचललाच नाही. मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेल्या भोईट्यांचा चेहरा दगडासारखा झाला. “गेला कामातनं,” ते पुटपुटले. शलाकाने घरी जाऊन पट्टीची दिवसभराची नोंद उघडली. शर्करा दिवसभरात एकदाही घसरलेली नव्हती. पेढ्याला सांगण्यासारखं काही नव्हतंच!

दुसऱ्याच दिवशी भूमितीच्या तासाला, बाई प्रमेय सिद्ध करत असताना, गाढ झोपलेला पेढा उठला, आळस दिला आणि पंजा ठेवला. पट्टी ब्याण्णव दाखवत होती. बोटटोच्या म्हणाला, एकसष्ट; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. शलाकाने गोळी चघळली. बारा मिनिटांनी पट्टी बोंबलायला लागली तेव्हा शलाकाची साखर वर चढतही होती, आणि पेढा पुन्हा घोरत होता. खाऊचा दाणा त्याच्या नाकासमोर तसाच पडला होता.

महिना संपला. पुन्हा तीच प्रयोगशाळा, तीच सकाळची वेळ. काट्याने एकतीस किलो चारशे ग्रॅम दाखवले आणि शलाकाने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या दालनातून कोणीतरी डोकावून गेलं.

डॉक्टर अहवाल लिहायला बसल्या होत्या. आकड्यांच्या नादात त्या सकाळपासून जागच्या हलल्या नव्हत्या. “पहिला आठवडा सोडला तर त्र्याऐंशी इशारे,” त्या म्हणाल्या, “आणि त्र्याऐंशीही खरे. सुभेदार, तुमचा नियम वाईट नव्हता, पण त्याने भुकेल्या जिवाला खोटं बोलायचं कारण दिलं. तो खोटं खाऊसाठी बोलत होता. खरं मात्र तो खाऊसाठी बोलतच नव्हता, ते आपल्याला आधी ओळखता आलं नाही, इतकंच.”

“मग खरं कशापायी सांगतो म्हनायचं?”

“ते मला माहीत नाही. ते दाण्यात नाही, एवढं माहीत आहे.” त्यांनी शेवटची ओळ लिहिली, डोळे चोळले, पुन्हा चोळले. “अक्षरं का हलताहेत ही? घामही किती...”

पेढा उठला. नव्या हलक्या पावलांनी तो चालत गेला, शलाकाच्या समोरून, भोईट्यांच्या समोरून, आणि त्याने आपला उजवा पंजा डॉक्टरांच्या गुडघ्यावर ठेवला.

“अरे रे!” डॉक्टर म्हणाल्या. “जुनी खोड परत आली. आज चिक्की नाही रे राजा, घरीच राहिली.” त्यांनी कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

भोईट्यांनी नाइलाजाने वही उघडली. “खोटा इशारा, येक. आता त्र्याऐंशीला बट्टा लागला.”

“थांबा काका,” शलाका म्हणाली. “लिहू नका.”

ती डॉक्टरांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि पडद्यावरची, नुकतीच लिहिलेली ओळ तिने मोठ्याने वाचली: “‘भरल्या पोटी हा कुत्रा खोटा इशारा देत नाही.’ मॅडम, त्याचं पोट भरलंय.”

“अगं, मला मधुमेह नाही. मी साखरेची औषधं घेत नाही, तर माझी साखर कशाला उतरेल?”

“ते मला माहीत नाही,” शलाका म्हणाली. “ते चिक्कीत नाही, एवढं माहीत आहे. हात द्या.”

आयुष्यात पहिल्यांदा ती हे शब्द एका मोठ्या माणसाला अशा आवाजात म्हणाली होती. डॉक्टरांनी हात दिला. बोट गार आणि ओलं होतं. बोटटोच्या टिचकला, थेंब आला, आकडा आला.

त्रेचाळीस.

शलाकाने न बोलता आपल्या गोळ्यांची अख्खी नळी त्यांच्या तळहातावर रिकामी केली. “चावा. आधी चावा, मग विचार करा.”

डॉक्टर चावत राहिल्या. डोकं ताळ्यावर आलं तसा विचारही आला, आणि तो शास्त्रज्ञाचा विचार होता. “औषध न घेता इतकी उतरते, म्हणजे शरीरच इन्सुलिन जास्त बनवतंय,” त्या हळू म्हणाल्या. “स्वादुपिंडात एखादी बारीक गाठ असली तर असं होतं. क्वचितच. सापडली तर काढता येते बहुतेकदा.” त्या थांबल्या. “दर दोन तासांनी खाणं. हे वजन. आणि मी स्वतःला खादाड म्हणत होते.”

भोईटे वहीची मागची पानं उलटत होते. गेल्या महिन्याच्या, तृप्तिदाण्यांच्या आधीच्या तपासण्या. डॉक्टरांपाशी नोंदलेले खोटे इशारे नऊ होते. त्यांनी बोट ठेवून वेळा वाचल्या. सव्वाअकरा. साडेअकरा. अकरा चाळीस. सगळ्या चिक्कीच्या आधीच्या.

“नऊ येळा सांगितलं त्यानं,” ते म्हणाले. “आन मी नऊ येळा लिवलं, खोटं.”

नियमाप्रमाणे शलाकाने एक तृप्तिदाणा काढून पेढ्याच्या तोंडापुढे धरला. पेढ्याने त्याला नाक लावलं, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पंजा त्याने काढला नाही. शलाकाने पुन्हा थेंब घेतला, एकावन्न; पुन्हा घेतला, त्रेसष्ट; आणि आकडा ऐंशीच्या वर गेला तेव्हाच तो पंजा डॉक्टरांच्या गुडघ्यावरून खाली उतरला.