ग्रेगरीचा गुडघा

तो पहिल्यांदा आला तेव्हा दुपारचे चार वाजायला दहा मिनिटं होती आणि मी काउंटरवर कांदे चिरत होते. डोळ्यांत पाणी, नाकाला ओढणी... आणि दारात हा. खांद्याला काळी बॅग, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. सरळ आत येऊन मागच्या जिन्याकडे निघाला.

"ओ भाऊ, परवाना?" मी म्हटलं.

तो थांबला. आपल्याकडे प्यायला परवाना लागतो हे किती जणांना ठाऊक असतं? बाकीचे बार मालक विचारतही नाहीत. माझे पप्पा, म्हणजे वाकोल्याच्या गावठाणातल्या 'ग्रेगरीज'चे ग्रेगरी, एक दिवसाच्या परवान्यांचं पुस्तक अगदी नेमाने भरतात. त्यांनी खाट धरल्यापासून ते मी भरत होते.

"मी पीत नाही," तो म्हणाला. "वर जायचंय. पेशंट आहे."

कळलं मला, हा फिजिओथेरपिस्ट. पप्पांचा डावा गुडघा मार्चमध्ये बदलला होता आणि हॉस्पिटलने पाठवलेला माणूस आज येणार होता. कळलं, तरी मी पेन उघडलंच. आमच्या घराचा जिना बारमधून वर जातो, तेव्हा बारमधून जाणाऱ्याला परवाना हवा, असा नियम मी तिथल्या तिथे तयार केला.

"नाव?"

"विशाल."

"वय?"

"अठ्ठावीस."

"लग्न?"

त्याने पुस्तकात वाकून पाहिलं. "असा रकाना आहे यात?"

"माझ्या पुस्तकात आहे."

"मग रिकामा ठेवा," तो म्हणाला आणि इतका गोड हसला, की मी कांद्याच्या हाताने डोळे पुसले. पुढची पाच मिनिटं काही दिसलंच नाही. वाट लागली ती तेव्हापासून.

आता बारबद्दल सांगायला हवं, कारण सगळा जीव त्यातच अडकलेला. 'ग्रेगरीज'मध्ये मोजून नऊ टेबलं. गावठाणातल्या निम्म्या लग्नांची बोलणी इथे झाली, मयतावरून परतलेली माणसं इथेच बसून रडली. रविवारी दुपारी बायका-पोरं डुकराच्या मटणाचं सॉरपोतेल आणि त्यासोबत तळलेले मैद्याचे फुगे खायला येतात, तेव्हा कोणी बाटलीकडे बघतही नाही. बेस्टमधून रिटायर झालेले सीतारामकाका गेली वीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून एकच बियर दोन तास पितात. मी इथल्या टेबलांखाली रांगले, इथे बसून बारावीचा अभ्यास केला. हॉटेल मॅनेजमेंट शिकून चार वर्षं विमानतळाजवळच्या मोठ्या हॉटेलात काढली आणि तिथे एकच गोष्ट समजली. मला हाच बार चालवायचाय.

पप्पांचं म्हणणं वेगळं होतं. औषधांची दुकानं चालवणाऱ्या एका कंपनीला ही जागा हवी होती आणि दहा मेच्या आत सही द्यायची होती. मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी पप्पा एका अटीवर आले. दहा तारखेच्या आत ते स्वतःच्या पायांनी सतरा पायऱ्या उतरून खाली गल्ल्यावर बसले, तर बार राहील. नाहीतर सही.

म्हणजे माझं सगळं नशीब एका गुडघ्यावर... आणि तो गुडघा या गोड हसणाऱ्याच्या हातात. पण अटीचं मी त्याला बोलले नाही. घरातल्या गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत हे पप्पांनी बजावलं होतं आणि मला कोणाची कीव नको होती.

तो रोज यायचा. सोमवार ते शनिवार, चारला दहा कमी. मी रोज परवाना लिहायचे, तो रोज घडी करून खिशात घालायचा. जाताना काउंटरला टेकून लिंबूसोडा प्यायचा, तोही घोट घोट, सीतारामकाकांना लाजवेल इतका सावकाश. त्याने मला मुलुंडचं घर सांगितलं, शाळेत शिकवून निवृत्त झालेली आई सांगितली, लहानपणी डोंगरावरून पडून मोडलेला हात दाखवला. मी त्याला सुकटीची चटणी चाखायला लावली. त्याचे कान लाल झाले, पण पठ्ठ्याने "झकास" म्हणून पाणी न पिता बशी संपवली. एकदा बशी घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर राहिली... राहिली म्हणजे राहिलीच. सीतारामकाका खोकले तेव्हा कुठे निघाली.

पण रोज तो जिना उतरला की मी आधी विचारायचे, "किती?" गुडघा किती अंश वाकला ते तो एका पट्टीने मोजायचा आणि वरच्या फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहायचा. साठ. सत्तर. ऐंशी झाले त्या दिवशी मी आनंदाने सगळ्या टेबलांना उकडलेली अंडी फुकट दिली. जिना नीट उतरायला शंभराच्या आसपास तरी लागतील, असं तो म्हणाला होता. मग पंच्याऐंशी. मग पंच्याऐंशी. मग पुन्हा पंच्याऐंशी.

एप्रिल संपला तरी गुडघा पंच्याऐंशीवरच अडून बसला होता. "होईल गं," विशाल म्हणायचा, पण माझ्याकडे न बघता. मला वाटायचं, त्यालाही वाईट वाटतंय. केवढा हळवा आहे, म्हणून तो मला आणखीच आवडायचा. वेडी मी.

मे महिन्यात आमच्या गावठाणात क्रुसापुढे रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना असते. आमच्या दारासमोरच जुना दगडी क्रूस आहे. त्याला झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या लावतात, प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात. तीन तारखेला मी विशालला म्हटलं, आज थांब, चणे खाऊन जा. तो थांबला. संध्याकाळचे सात, अजून थोडा उजेड होता, आणि तो माझ्या शेजारी हातात मेणबत्ती धरून उभा होता. मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं, पण तो मेणबत्तीकडे बघतच नव्हता. तो कुठे बघत होता, हे मी न बघताही सांगू शकत होते.

पप्पा वरच्या गॅलरीत काठीला टेकून उभे होते. रोझरी संपली, फादरनी हात वर केले आणि सगळी गल्ली गुडघ्यांवर बसली. मी पण. बसता बसता सवयीने वर बघितलं, तर कठड्यावर पप्पांचं डोकं नाही.

पडले. दुसरं काही मनात आलंच नाही. मी धावले, माझ्या मागे विशाल. सतरा पायऱ्या कशा चढले आठवत नाही. गॅलरीत पोचले आणि जागच्या जागी थिजले.

पप्पा पडले नव्हते. ते गुडघे टेकून बसले होते. दोन्ही गुडघे. नवा गुडघा छान दुमडलेला, पाठ ताठ, हात जोडलेले, डोळे मिटलेले. काठी बाजूला आडवी. साठ वर्षांची सवय. सगळे बसले तसे तेही बसले, आपला गुडघा 'वाकत नाही' हे साफ विसरून.

आणि माझ्या मागून विशाल हळूच म्हणाला, "काका, खाली उशी घ्यायची ना. मागच्या आठवड्यात सांगितलं होतं."

मी वळले. "मागच्या आठवड्यात?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खाली गल्लीत लोक म्हणत होते, आमच्यासाठी विनंती कर. पप्पांनी डोळे उघडले नाहीत. कपाळावर घाम होता, पण आमेन होईपर्यंत ते तसेच राहिले. मी आत जाऊन फ्रिजवरचा कागद ओढून काढला आणि विशालपुढे धरला.

"खरा आकडा सांग."

"एकशे पंधरा," तो म्हणाला. "बारा दिवस झाले."

पप्पांनीच त्याला सांगितलं होतं म्हणे, पोरीला बोलू नकोस, बरा झालो कळलं की उद्याच कामाला जुंपेल. त्याला ते गमतीचं वाटलं होतं. मग मी त्याला अट सांगितली. दहा तारीख, सही, औषधांचं दुकान, सगळं. ऐकताना तो मटकन स्टुलावर बसला.

"मला हे माहीत नव्हतं, ॲनेट. खरंच माहीत नव्हतं. मी फक्त... गुडघा बरा झाला की माझं येणं बंद होणार होतं. म्हटलं, अजून थोडे दिवस मिळतील. तू खाली असतेस... म्हणून."

असं काही ऐकायला मी महिनाभर आसुसले होते आणि ऐकलं ते असल्या वेळी. "तुझ्या थोड्या दिवसांत माझा बार जात होता," मी म्हटलं. "जा तू. परत येऊ नकोस."

तो गेला. चणे न खाताच गेला.

त्या रात्री पप्पा आणि मी समोरासमोर बसलो. ते आधी गुरगुरले, मग खरं बोलले. तुझी आई आयरीन बारच्या चुलीपुढे उभी राहून राहून गेली, म्हणाले. तू गल्ल्यावर बसलीस तर तुला बायको कोण करेल, बाय? लोक काय नजरेने बघतात मला ठाऊक आहे. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, पप्पा, मम्मीला कोणी विचारलं नव्हतं. मला विचारा. मला हा बार हवाय. कोणी केलं तरी हवाय, नाही केलं तरी हवाय. पप्पांनी हात सोडवून घेतला आणि काठी जवळ ओढली. मग म्हणाले, त्या कंपनीवाल्याचा फोन नंबर कुठे ठेवलाय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रेगरी सतरा पायऱ्या उतरले. नऊच्या नऊ टेबलं उभी राहिली. सीतारामकाकांनी तर बियर सोडून टाळ्या वाजवल्या. पप्पा गल्ल्यावर बसले, पाच मिनिटं बसले, उठले आणि खुर्ची माझ्याकडे ओढून म्हणाले, बस, आता ही तुझी. मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

एवढा आनंद, आणि तरी रोज चारला दहा कमी झाले की माझी नजर दाराकडे. मी स्वतःला शिव्या दिल्या. तो खोटं बोलला. बारा दिवस, रोज, तोंडावर. पण ज्यासाठी बोलला ते आठवलं की मी उगाच ग्लास पुसत बसायचे. फोन हातात घ्यायचे, ठेवायचे. फोन काही वाजला नाही. मीच नको म्हटलं होतं ना...

सहाव्या दिवशी, भर दुपारी, दारात एक बाई उभ्या राहिल्या. पांढरी सुती साडी, डोळ्यांवर चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांनी बारमध्ये आयुष्यात पाऊल टाकलं नसणार हे त्यांच्या चपलाही सांगत होत्या. त्यांनी नुसतं एकदा सगळीकडे पाहिलं, आणि सीतारामकाकांनी ग्लास टेबलाखाली लपवला. त्यांच्या मागे, मान खाली घालून, विशाल.

"तू ॲनेट?" त्या म्हणाल्या. "मी शकु. याची आई."

मी खुर्ची पुढे केली. पाणी दिलं. त्या ते अर्धं प्यायल्या आणि बोलायला लागल्या तेव्हा आवाज अगदी वर्गातला होता.

"तुझा धंदा मला आवडत नाही. हे आधीच सांगते, नंतर कुरकुर नको. आम्ही घरात रोज पंचशील म्हणतो. पाचवं शील मद्याचं. महिनाभर इथे येऊन हा एक थेंब प्यायला नाही, ते मला माहीत आहे. पण चौथं खोटं न बोलण्याचं. ते याने तुझ्या घरात येऊन मोडलं, तेही रोज, पट्टी लावून. म्हणून मी आले. माफी मागायला याला एकट्याला पाठवणार होते, पण हा म्हणतो तिने येऊ नको सांगितलंय. आता हा सांगेल ते खरं आहे का, एवढंच मी बघणार."

मग त्यांनी चष्मा नीट केला आणि विशालकडे पाहिलं. पप्पाही जिन्यावर येऊन उभे होते.

विशाल पुढे आला. त्याचे कान सुकटीच्या चटणीच्या दिवसासारखेच लाल होते. "मी चुकलो," तो म्हणाला. "तुझं काय पणाला लागलंय ते मी विचारलंच नाही, फक्त माझं बघितलं. बार राहिला, मला खूप बरं वाटलं. मला तू आवडतेस, ॲनेट. खूप. आणि तू नाही म्हणालीस तरी हे खरंच आहे."

शकुकाकींनी माझ्याकडे बघितलं. चष्म्यातून, थेट. अशा नजरेपुढे वर्गातल्या किती पोरांनी कबुली दिली असेल कोण जाणे. मी हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं.

"मी पण खोटं बोलले," मी म्हणाले. "परत येऊ नकोस म्हटलं ना... ते."

विशालने मान वर केली. त्याला कळायला जेमतेम एक क्षण लागला आणि तो हसला.

"म्हणजे चौथं शील दोघांनीही मोडलं," शकुकाकी म्हणाल्या आणि पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली. "बरं. आता मुलुंडला परत जायला दीड तास. जेवायला काय आहे तुमच्याकडे?"