कोरड्या कानांची वसाहत

चंद्रावरच्या ‘निर्मळ’ वसाहतीत प्रवेश मिळवायला हुशारी, धडधाकट प्रकृती आणि कानातला कोरडा मळ एवढं लागे. शेवटची अट वसाहतप्रमुख डॉ. हेरंब प्रधान यांची. ज्या जनुकामुळे कानमळ कोरडा होतो, त्याच्याचमुळे काखेतल्या घामाला वास येत नाही. आणि बंद घुमटातल्या हवेच्या गाळण्या महाग. चिकट मळाचं जनुक सापडलं, की तो माणूस पुढच्या मालयानानं पृथ्वीवर परत.

तरीही गाळण्या सारख्या बदलाव्या लागत, विशेषतः प्रमुखांच्या कचेरीतल्या. यंत्रज्ञ पेडणेकर दर वेळी अहवालात कारण लिहीत : ‘उत्पादनदोष’.

डॉ. तांडेलबाईंनी प्रधानांच्या तान्ह्या मुलीच्या कानात कापसाची काडी फिरवली. काडी पिवळी, चिकट झाली.

“शक्यच नाही!” प्रधान म्हणाले.

“सर, चिकटपणाचं जनुक प्रभावी. आईबापांपैकी एकाकडून एक प्रत आली तरी पुरते. कोरडेपणाचं अप्रभावी, त्याच्या दोन्ही प्रती लागतात. आईबाप दोघं कोरडे, तर मूल कोरडंच.”

प्रधान बायकोकडे वळले. “शर्वाणी, तुझी चाचणी मीच केलीय. तू कोरडी. मग हिचा बाप कोण?”

शर्वाणीनं बाळाचं टोपडं बांधलं. “इथले सगळे पुरुष कोरडे. तूच तपासलेस ना? संशय जरूर घे, पण आधी माणूस तरी शोध.”

“ते काही नाही. मुलगी परत जाईल.”

“आधी तुझा कान दाखव.”

“माझा? अगं, नियम मी केलाय!”

“म्हणून तर तुला कुणी तपासलं नाही. प्रभावी जनुक लपून बसत नाही रे. ज्याच्याकडून आलं, त्याच्यात दिसणारच. बाकीच्यांना तर नाकानंच कळलंय.”

तांडेलबाईंनी नवी काडी काढली. तीही पिवळी झाली.

“तुम्हांला माहीत होतं?” प्रधानांनी विचारलं.

“आम्हांला वाटलं, सरांना माहीत असेल.”

“हिला पाठवणार असशील तर बापलेक दोघं जा,” शर्वाणी म्हणाली. “डबा भरून देते. नाहीतर नियम मोड. आत्ता, माझ्यासमोर.”

‘वैज्ञानिक फेरविचारान्ती’ नियम रद्द झाला. थोड्या वेळानं पेडणेकर नवी गाळणी घेऊन आले आणि दारातच घुटमळले.

“साहेब, आता कारण काय लिहू?”

प्रधानांनी मान वळवून हळूच स्वतःची काख हुंगली.

“उत्पादनदोषच राहू द्या,” ते म्हणाले.