रिकाम्या लॉरीचे पाटे

छप्पन सालचा नोव्हेंबर. राजधानी बदलली म्हणून नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला निघाली होती आणि तिच्यामागं कारकुनांची बिऱ्हाडं. त्यांचं सामान वाहायला सौंसरच्या भगवंतरावांनी लॉरी घेतली आणि तिची बॉडी पांढुर्ण्याच्या नत्थूजी मिस्त्रीनं बांधली. सागवानी चौकट, बाहेरून पत्रा, आतून फळ्या. फळ्यांवर जिनिंग कारखान्यातला कापूस भरलेली गोणपाटाची गादी, कपाटाला ओरखडा नको म्हणून. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढं काढलेला माळा, त्यात अंथरुणं आणि पाळणे. असं काम नागपुरातही होत नाही, हे नत्थूजीला ठाऊक होतं आणि तो ते लपवत नसे.

तिसऱ्या खेपेहून लॉरी परत आली ती दबलेलीच, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार बसलेले.

"रिकामी आहे, तरी पाटे पाहा," भगवंतराव म्हणाले. "तुमची बॉडीच जड, नत्थूजी. काढून फेकतो. दुसरी नागपुरात बांधीन."

"दोन खेपा हीच बॉडी होती, मालक. तवा काऊन नाही दबली?"

नत्थूजी खाली वाकला. रिकाम्या गाडीत पाटे आणि चेसिसच्या मध्ये पाच बोटं जात. आज दोनच गेली. त्यानं एकेक पाटा हातोडीनं ठोकला. आवाज खणखणीत.

"शेवटचं बिऱ्हाड कोणाचं होतं?" त्यानं ड्रायव्हर रामाजीला विचारलं.

"एका कारकुनाचं. यादीशी ताडून उतरवलं, एक नग कमी नाही." रामाजी थांबला. "त्याची बायको तेवढी तीनदा आत डोकावली. काय पाहून राहिली, ते सांगेना."

नवी बॉडी बांधली की भर दुपारी आत शिरून दार लावून घ्यायचं आणि उजेडाची फट शोधायची, ही नत्थूजीची रीत. तो आत शिरला.

"लावा दार."

फट एकही नव्हती. कापसाचा वास यायला हवा होता, आला शिकेकाईचा. त्यानं गादीवर हात ठेवला. कोणी नुकतंच टेकून उठावं तशी ती उबदार होती.

माळ्यावर काहीतरी सरकलं.

नत्थूजीला भीती वाटली नाही. राग आला. वर जे कोणी होतं त्याच्यापायी आयुष्यभराच्या कामाला बट्टा लागणार होता.

"कोणी असाल तं उतरा," तो म्हणाला. "घर सुटलं असंन तं माह्या घरी चाला. माही गाडी बदनाम करू नका."

फळी करकरली. मग पुढची. मग दाराजवळची.

त्यानं दार थोपटलं. रामाजीनं उघडलं. तो खाली उतरला आणि त्याच्या पाठीमागं लॉरी हळूच वर उचलली गेली.

पाच बोटं.

भगवंतरावांनी स्वतः दोनदा घालून पाहिली. "केलं काय तुम्ही?"

"काही नाही. बॉडी बराबर आहे म्हटलं होतं ना."

"अजून दोन बांधा," भगवंतराव म्हणाले.

नत्थूजी ताठ मानेनं घरी गेला. त्याची बायको पंचफुला चुलीशी भाकरी थापत होती. तो आत येऊन पाटावर बसला. तिनं वळून पाहिलं आणि घाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"म्हाताऱ्या बाईले खाली काऊन बसवलं?" ती हळू आवाजात म्हणाली. "चटई द्या ना जी."