कानामागचं म्हातारपण

तल्लखता चाचणीचा निकाल पडद्यावर आला तेव्हा केतकी रेडकरने आधी चष्मा पुसला. आकडा काही बदलला नाही. प्रतिसादवेळ एक पूर्णांक चार सेकंद. दीड सेकंदाला परवाना रद्द होतो.

देवगडच्या कड्यावरच्या वाहतूक केंद्रात ती तीस वर्षं कक्षापाल होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मालयानांना वाट करून द्यायची, कुणाला थांबवायचं, कुणाला पुढे काढायचं, हे तिचं काम. त्रेसष्टाव्या वर्षी परवाना गेला असता तर तिने चार दिवस कुरकुर केली असती आणि बागेत रमली असती. भीती निराळीच होती. घरी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई होती. एकेकाळी एसटी स्थानकावर कागद न बघता दिवसभराच्या गाड्या पुकारणारी ही बाई गेली दोन वर्षं लेकीकडे बघून नुसते ओठ हलवत होती. आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी नावं उशिरा आठवायला लागली, मग लक्ष उडालं आणि शेवटी ती गप्पच झाली.

केंद्राचे मेंदूतज्ज्ञ डॉ. इरफान मुकादम निकाल बराच वेळ न्याहाळत बसले.

"ताई, वयाने मेंदू मंदावतो हे खरं. नाव चटकन आठवत नाही, दोन गोष्टींकडे एकदम लक्ष राहत नाही. पण ते होतं हळूहळू. तुमची वेळ तीन वर्षांत दुप्पट झालीय. म्हातारपणाला एवढी घाई नसते."

"मग आजार म्हणा ना सरळ."

"आजारात चुका वाढतात. तुमची एकही चूक नाही. उत्तर बरोबर, फक्त उशिरा." डॉक्टर तिच्या उजव्या कानाकडे बघू लागले. "स्मरणसाथी कधी बसवलात?"

केतकीचा हात नकळत कानामागे गेला. तिथे कातडीखाली डाळीच्या दाण्याएवढं यंत्र होतं. मेंदू एखाद्या आठवणीसाठी अर्धा सेकंद अडखळला की हा साथी आपल्या साठ्यात शोधून ती आतल्या आत सुचवायचा. "एकोणीस वर्षं झाली. आम्ही सगळ्या कक्षापालांनी एकाच महिन्यात बसवले."

"आणि त्यातल्या जुन्या नोंदी?"

"सगळ्या आहेत. पुसायच्या कशाला?"

डॉक्टरांना हसू आवरेना. कक्षापालांची ही खोड साऱ्या केंद्राला ठाऊक होती. जळून राख झालेल्या यानाची नोंदसुद्धा ते जपून ठेवत. न जाणो, उद्या कुणी विचारलं तर? कामावरची शिस्त त्यांनी कानामागेही नेली होती.

"कानामागे तापू नये म्हणून साथीची ताकद बेताचीच ठेवलेली असते," डॉक्टर म्हणाले. "नोंदी एका मर्यादेपलीकडे गेल्या की त्याचा शोध झपाट्याने लांबतो. आणि मेंदू मोठा काटकसरी. साथी शोधतोय ना, मग आपण कशाला शोधा, म्हणून तो स्वस्थ बसतो. चाचणी देताना साथी बंद करता?"

"छे. कामावर असतो तसाच ठेवायचा, असा नियम आहे."

"म्हणजे दरवर्षी आपण मोजतोय ते कुणाचं वय?"

साथी बंद करून केतकी रजेवर गेली. पहिले चार दिवस भयानक होते. स्वयंपाकघरात 'चाळणी' हा शब्द सापडेना म्हणून तिला रडू फुटलं. मेंदू सवयीने वाट बघत राही आणि मदतीला कुणी येत नसे. पाचव्या दिवशी शेजारणीच्या सुनेचं नाव आपसूक आलं. बाराव्या दिवशी तिने पुन्हा चाचणी दिली. शून्य पूर्णांक आठ.

"तीन वर्षांपूर्वी शून्य पूर्णांक सात होते," डॉक्टर म्हणाले. "हा वरचा एक मात्र तुमचा. वयाचा."

"तो राहू दे," केतकी म्हणाली आणि डोळे पुसत हसली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग तिचं हसू मावळलं. आईलाही साथी होता. केतकीच्या साथीपेक्षा दोन वर्षं जुना. आईला काही कमी पडू नये म्हणून त्यात सासर, माहेर, सारा गोतावळा आणि एसटीची सगळी वेळापत्रकं केतकीनेच भरली होती.

तिने हे सांगितल्यावर डॉक्टरांनी हिशेब मांडला. "एका शोधाला नऊ सेकंद लागत असतील. आई बोलल्या नाहीत तर तुम्ही किती वेळ थांबता?"

"दोन-तीन सेकंद. मग पुन्हा विचारते. जरा मोठ्याने."

"पुन्हा विचारलं की साथी पहिल्यापासून शोधायला लागतो."

दोन वर्षं आपणच आईचं उत्तर तोडत आलो, हे केतकीला लख्ख कळलं.

"आशा फार धरू नका," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण साथी बंद करून बघू. आणि विचारलंत की थांबा."

आईचा साथी बंद केला. तिचा मेंदू पंचवीस वर्षांनी थकलेला, तेव्हा वेळही जास्त लागणार. दहा दिवस काही घडलं नाही. अकराव्या दिवशी निघताना केतकी म्हणाली, "आई, चारला येते हं." उत्तर आलं नाही.

ती परतली तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. "कशी आहेस?" केतकीने विचारलं. आईचे ओठ हलले. पुन्हा विचारायला केतकीचं तोंड उघडलं, पण तिने ते मिटलं आणि आईसमोर जमिनीवर बसली. तिने पाच मोजले. दहा मोजले. आईची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, तिथून लेकीवर आली. अठरा.

"चारला येते म्हणालीस," आई म्हणाली, आणि स्थानकात घुमायचा तोच खणखणीत आवाज जरासा चिरकला. "साडेचार झाले, बायो."

'बायो' हे लहानपणचं लाडाचं नाव केतकीने साथीत कधी भरलंच नव्हतं.