पिवळा पट्टा, लाल पट्टा

"अहो मुलाकडच्या, जरा खाली बसा ना! माझ्या फोटोत नवरीऐवजी तुमचा अंबाडा येतोय."

शुभांगीने मागे वळूनही पाहिलं नाही. "मग तुम्ही जागा बदला," ती म्हणाली आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

पिंपळगाव बसवंतचं लग्न. मे महिना, दुपारचा मुहूर्त, मांडवात भट्टीसारखा उकाडा. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं होतं. अंतरपाट आता कधीही दूर होणार होता… आणि नेमके त्याच वेळी नवऱ्याचे मामा अक्षता टाकायला म्हणून मागे सरकले. त्यांचा कोपर शुभांगीला लागला, कॅमेरा मांडवाच्या लोखंडी खांबावर आपटला. लेन्स करकरली आणि अडकली. ना पुढे, ना मागे.

मुलाकडच्यांनी मोठ्या भरवशाने तिला आणलं होतं. "बाई फोटो काढणार?" म्हणून नाक मुरडणाऱ्यांनाही गप्प केलं होतं.

तेवढ्यात मागून मुलीकडच्या फोटोग्राफरचा हात पुढे आला. हातात लेन्स होती.

"तुमच्या कॅमेऱ्याचा पट्टा पिवळाच आहे ना? मग बसेल. घ्या लवकर."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडे लांबची आहे. मी मागे जातो," तो म्हणाला. मग हळूच – "तसाही अंबाडा छान आलाय."

अंतरपाट दूर झाला. शुभांगीचा एकही क्षण चुकला नाही. पण मधेच दोनदा तिने मागे वळून पाहिलं.

त्याचं नाव समाधान. दिंडोरीकडच्या एका खेड्यातला, घरी द्राक्षबाग. पण बागेपेक्षा कॅमेऱ्यात जीव रमला म्हणून पंचवटीत काकांच्या, कोंडाजींच्या स्टुडिओत येऊन राहिलेला. बोलायचा अगदी शहरी. फक्त मनाला काही लागलं, की त्याची गावाकडची बोली आपोआप वर यायची. हे शुभांगीला पुढे कळलं.

त्या वर्षांत रोल मागे पडून डिजिटल आलं होतं आणि नाशिकच्या फोटोग्राफरांची दोन घराणी झाली होती. पिवळ्या अक्षरांचा पट्टा गळ्यात घालणारे आणि लाल पट्टा घालणारे. दोन वेगळ्या कंपन्या. एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्याला कधीच बसत नसे. एकदा पट्टा ठरला, की लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळा संसार त्याच घराण्यातला.

शुभांगी आणि समाधान एकाच घराण्यातले निघाले. तिच्याकडे रुंद लेन्स होती. सगळी पंगत एका फोटोत मावायची. त्याच्याकडे चेहऱ्यांसाठीची झकास लेन्स होती. मग अदलाबदल सुरू झाली. कधी रविवार कारंजा चौकात, कधी मिसळीच्या दुकानात, कधी गोदावरीच्या घाटावर. "लेन्स द्यायला आलो." "लेन्स न्यायला आले." दिवाळीपर्यंत 'अहो'चं 'अरे' झालं.

"कालच्या लग्नात तर तुला रुंद लेन्स लागलीच नसेल," ती एकदा म्हणाली. "वीस माणसांचं तर लग्न."

"नाही लागली."

"मग नेलीस कशाला?"

"परत द्यायला," तो म्हणाला, आणि मिसळीत पाव बुडवत राहिला. कान मात्र रश्श्याच्या तर्रीसारखे लाल झाले होते.

याच्या पुढे दोघंही कधी गेले नाहीत. गरजच काय होती? लेन्स होती ना.

मग रुखसारचं लग्न ठरलं.

रुखसार ही शुभांगीची कॉलेजपासूनची मैत्रीण. जुन्या नाशकात, दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा मुलगा नांदगावचा, मुस्तकीम. बायकांच्या बाजूचे फोटो शुभांगीने काढायचे, पुरुषांच्या बाजूचे समाधानने, हे रुखसारने परस्पर ठरवूनही टाकलं. अडचण एकच होती, पण मोठी होती. रुखसारला फेफरं यायचं. गोळ्यांनी बरंचसं आटोक्यात होतं, मुस्तकीमच्या घरीही सगळं माहीत होतं. पण डोळ्यांवर लखलख उजेड पडला, की भरवसा नसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं – फ्लॅश अजिबात नको.

आणि निकाह संध्याकाळचा. हॉल अंधारा.

शुभांगीने रुखसारच्या घरी, संध्याकाळच्या मंद दिव्यात, फ्लॅशशिवाय फोटो काढून पाहिले. रुखसारच्या गालावर कुणी वाळू फेकल्यासारखे दाणेच दाणे. दुसरा काढला, तर तो हललेला.

"राहू दे गं," रुखसार म्हणाली. "फोटोशिवाय काय निकाह होत नाही?"

ती हसत म्हणाली खरं, पण नजर खाली गेली. फ्लॅशच्या भीतीने शाळेपासून प्रत्येक ग्रुप फोटोच्या वेळी रुखसारला बाजूला बसवलेलं असायचं. तिचा धड असा एकही फोटो नव्हता, हे शुभांगीला ठाऊक होतं.

नवा कॅमेरा घ्यायलाच हवा होता. पण कोणता? आपल्याच घराण्यातला पुढचा, की सगळं विकून लाल पट्टा?

"आपलाच घे," समाधान क्षणाचाही विचार न करता म्हणाला. "नवीन मॉडेल आलंय. लेन्स त्याच राहतील."

"आधी दोन्ही बघू."

एम. जी. रोडवरच्या दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. शुभांगीने त्याला दिवे घालवायला सांगितले, शटर अर्धं खाली ओढायला लावलं. मग समाधानला स्टुलावर बसवलं.

"मी कशाला?"

"चेहरा पाहिजे ना कुणाचा तरी. हलू नकोस."

तो हलला नाही. तिने पिवळ्या पट्ट्याच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढला. मग लाल पट्ट्याच्या कॅमेऱ्याने. अर्ध्या अंधारात त्याचा श्वासही तिला ऐकू येत होता… की तो तिचाच होता?

दुकानदाराने दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. पहिल्यात समाधान दिसत होता, बरा दिसत होता. दुसऱ्यात मात्र सगळंच दिसत होतं. पापण्या, ओठाच्या कडेची जुनी खूण, डोळे. आणि त्या डोळ्यांत जे होतं तेही. इतकं स्वच्छ, की शुभांगीने पटकन नजर काढून घेतली.

"साहेब," दुकानदार मिशीत हसला, "कॅमेऱ्यात बघा म्हटलं की लोक कॅमेऱ्यात बघतात. तुम्ही भलतीकडेच बघताय."

समाधान ताडकन उठला. "फोकस चुकलाय," असं काहीतरी पुटपुटला आणि बाहेर पडला.

ती मागोमाग गेली. रस्त्यावर गर्दी, हॉर्न, डिसेंबरचा झोंबरा वारा.

"लालच घ्यावा लागणार," ती म्हणाली.

"नको घेऊस. बटणं सगळी उलटी असतात, ऐन वेळी हात चुकेल. लेन्स पहिल्यापासून जमवाव्या लागतील. रंग पण–"

"रंग उत्तम होते. तूही पाहिलेस."

"एका लग्नासाठी सगळं मोडून टाकणार?"

"एका लग्नासाठी नाही." तिचा आवाज चढला. "मला आहे त्या उजेडात फोटो काढायचेत, समाधान. समईच्या, कंदिलाच्या, खिडकीतल्या. लोकांच्या डोळ्यांवर सारखा लखलखाट मारून मी कंटाळलेय. तुला का नकोय ते सांग ना. माझी रुंद लेन्स जाईल म्हणून?"

शब्द तोंडातून गेला आणि तिलाच तो खटकला. समाधानचा चेहरा उतरला.

"व्हय," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच. दुसरं काय हाय आपल्यात?"

आणि तो गर्दीत निघून गेला.

"तो रागावला नाहीये, घाबरलाय," सगळं ऐकून रुखसार म्हणाली. "आणि तू माझ्यासाठी काही बदलू नकोस. उद्या तुमचं काही बिनसलं तर मला बोल लागेल."

"तुझ्यासाठी नाही गं. मला हवाय तो."

हे बोलताना तिला रडू येत होतं. पण खोटं ती बोलत नव्हती.

तिने पिवळं सगळं विकलं. त्याची लेन्स तेवढी कोंडाजीकाकांच्या हाती देऊन आली. रुंद लेन्स घेशील का, हे आधी त्यालाच विचारलं होतं, फोनवर संदेश पाठवून. उत्तर आलं नाही. लाल पट्टा गळ्यात घातला तेव्हा तो नवा, कडक, मानेला टोचणारा वाटला.

लग्नाच्या दिवशी समाधान आला. ठरलेलं काम तो मोडणाऱ्यातला नव्हता. हॉलच्या दारात दोघांची गाठ पडली. त्याने तिच्या पट्ट्याकडे पाहिलं, तिने त्याच्या बुटांकडे.

"बटणं सापडतात का?" त्याने विचारलं.

"सापडतात."

बस, इतकंच. मग मध्ये पडदा. अलीकडे बायका, पलीकडे पुरुष.

निकाह लागला, दुआ झाली आणि वीज गेली. लोडशेडिंगचं वेळापत्रक कुणी पाहिलंच नव्हतं. जनरेटरने दोन आचके दिले आणि मान टाकली. कुणीतरी दोन गॅसबत्त्या आणल्या. त्या पिवळट उजेडात आरशाचा कार्यक्रम सुरू झाला. नवऱ्याने नवरीचं तोंड पहिल्यांदा आरशात पाहायचं. मुस्तकीम येऊन बसला. रुखसारच्या आई, हाजराखाला, आरसा धरून उभ्या राहिल्या.

शुभांगीने कॅमेरा उचलला. बटणं खरंच उलटी होती.

तेवढ्यात पडद्यापलीकडे गलका उठला. मुस्तकीमची मित्रमंडळी आणि चुलतभाऊ, दहा-पंधरा जण, हातात छोटे कॅमेरे आणि मोबाईल घेऊन पडद्याकडे येत होते. "एक फोटो, फक्त एक!" त्यातल्या एकानेही फ्लॅश मारला तर…

"कुणी आत जायचं नाय!" समाधानचा आवाज. पडद्यावर त्याची सावली दिसली. दोन्ही हात पसरून, पडद्याकडे पाठ करून तो उभा होता. "फोटो आत काढले जातायत. सगळ्यांना मिळतील. भाई, हात जोडतो. फ्लॅश नाय. एक पण नाय!"

कुणी चिडलं, कुणी ढकललं. पडदा फुगला, पण तो जागचा हलला नाही.

आणि मग आतूनच, उशिरा आलेल्या एका पाहुण्या बाईने हौसेने कॅमेरा काढला. लख्ख!

रुखसारची बोटं ताठ झाली. शुभांगीने हातातला कॅमेरा सोडून दिला, तो छातीवर आदळला. एका झेपेत ती रुखसारपाशी पोहोचली, ओढणी तिच्या डोळ्यांवर ओढून धरली आणि तिला कवेत घेतलं. हाजराखालांच्या हातातला आरसा लटलट हलत होता. मुस्तकीमने रुखसारचा हात घट्ट धरला.

रुखसारचा श्वास जोरजोरात चालला होता. मग जरा हळू. मग आणखी हळू.

"मी ठीक आहे," ओढणीच्या आतून बारीक आवाज आला. "एकच होता ना. सोड आता. फोटो काढ… हा बिचारा घाबरलाय बघ कसा."

मुस्तकीम हसला, पण त्याचे डोळे भरले होते. रुखसारने ओढणी वर केली आणि आरशात पाहिलं. मागे सरकलेल्या शुभांगीने त्याच क्षणी बटण दाबलं. बोट आपोआप बरोबर पडलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर तिने फोटो पाहिला. गॅसबत्तीचा उजेड, आरसा, आरशात दोन चेहरे. एक दाणा नाही. हाजराखालांनी खांद्यावरून डोकावलं, आणि त्यांचा हुंदका फुटला. "बेटा," त्या म्हणाल्या, "माझी पोरगी इतकी सुंदर दिसते?"

जेवणं सुरू झाल्यावर शुभांगी बाहेरच्या ओट्यावर येऊन बसली. समाधान कोपऱ्यात उभा होता. शर्टाची बाही खांद्याजवळ उसवलेली, पिवळ्या पट्ट्याचा कॅमेरा काखेत.

"आला का फोटो?" त्याने विचारलं.

तिने कॅमेरा पुढे केला. तो बराच वेळ पाहत राहिला.

"तू बरोबर होतीस," तो म्हणाला. "हा फोटो त्या कॅमेऱ्यात आला नसता. हे मला दुकानातच कळलं होतं."

"मग भांडलास का?"

त्याने उसवलेली बाही वर ओढली. आतून ताटांचा आवाज येत होता.

"त्या दिवशी मी लेन्सचं बोलले… तसं बोलायला नको होतं," ती म्हणाली. "तू आज पडद्यापाशी उभा राहिलास ते कशासाठी, हे मला कळत नाही असं समजू नकोस."

त्याने कॅमेरा परत तिच्या हातात दिला. बोटं बोटांना लागली, आणि कुणीच ती घाईने काढली नाहीत.

"उद्या येऊ का तुझ्याकडं?" त्याने विचारलं. "द्यायला काय नाय. न्यायला पण काय नाय. नुसता."

"आई विचारेल, कशाला आलास. काय सांगशील?"

"खरं ते सांगीन."

"मग आधी मला सांग."

समाधानने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे. मग सरळ तिच्याकडे पाहिलं, त्या दिवशी अंधाऱ्या दुकानात पाहिलं होतं तसंच.

"माझा लय जीव हाय तुझ्यावर," तो म्हणाला. "पिंपळगावपासून."

शुभांगीला हसू आलं आणि रडूही. नाशिकची थंडी गालावर बोचत होती, कान मात्र तापले होते.

"ये उद्या," ती म्हणाली. "आणि आईला हे अस्संच सांग. एक शब्द बदलू नकोस."