रंजनाबाईंचं शेवटचं वलय

तेराव्याच्या सकाळी निवृत्ती खैरनार घरी नव्हते. सटाण्याच्या वलयकेंद्रात बाकावर बसले होते. शेजारी मेहुणे पोपटराव, मांडीवर नवी टोपी आणि उपरणं घेऊन. बायको गेल्यावर तिच्या माहेरच्यांनी नवऱ्याला टोपी घातली की त्याचा दुखवटा संपतो, ही रीत जुनीच. फक्त ती कधी घालायची हे आता दिवस मोजून ठरत नसे.

माणूस आयुष्यातली एखादी पायरी खरोखर ओलांडतो, तेव्हा त्याच्या मेंदूत प्रथिनाचं एक बारीक कडं तयार होतं. झाडाच्या खोडात दरवर्षी वलय धरतं, तसंच. यंत्राला ते दिसतं, आणि ते कधी धरलं हेही सांगता येतं. हा शोध लागल्यापासून अठराव्या वर्षाला अर्थ उरला नव्हता. सज्ञानवलय धरलं की मूल सज्ञान. दोघांचं विवाहवलय धरलं की लग्नाची नोंद. आणि जोडीदार गेला हे मनानं मान्य केलं की वियोगवलय. ते दिसलं की दुखवटा फिटला.

"दाजी, आज नाही दिसलं तर?"

"दिसेल. आज टोपी घालूनच घरी जायचं. पाहुणे खोळंबलेत."

"तुम्हाला कायमची घाई. लग्नात अंतरपाट धरला होता, तर वरून डोकावत होतात."

निवृत्तींना हसू आलं, तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टर मुक्ता अंतापूरकर पडद्याकडे बघत होत्या. "काका, वियोगवलय आहे."

"मग झालं."

"पण ते सोळा महिन्यांपूर्वीचं आहे."

"ती तेरा दिवसांपूर्वी गेली, बाई."

डॉक्टरांनी पडद्यावरची तारीख दाखवली. ती बघून निवृत्तींना एक दुपार आठवली. रंजनाच्या विस्मरणाच्या आजाराचं तिसरं वर्ष. ती त्यांना म्हणाली होती, "दादा, आमचे मालक येतील आता. तुम्ही निघा." ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी आत आले, दुधात भाकरी कुस्करली आणि तिला भरवली. तेव्हापासून तिची आंघोळ, वेणी, औषधं, सगळं शेवटपर्यंत केलं.

"मग एवढे दिवस मी ते कोण म्हणून केलं?"

"ते वलयात दिसत नाही, काका." डॉक्टरांनी पडद्यावर दुसरी नोंद उघडली. "टोपी आत्ता घातलीत तरी चालेल. पण आणखी एक आहे. मृत्यूनंतर सगळ्यांची वलयं वाचतात, तशी काकूंचीही वाचली. या आजारात वलयं विरघळत जातात. त्यांचं विवाहवलय राहिलं नव्हतं."

"ते मला घरात दिसतच होतं."

"त्यानंतर एक नवं धरलं होतं. पाच महिन्यांपूर्वी. तेही विवाहवलयच."

"कोणाशी?"

"घरात दुसरं कोण होतं?"

निवृत्ती खुर्चीत बसून आठवू लागले. पाच महिन्यांपूर्वीच रंजना त्यांना बघून डोक्यावर पदर घ्यायला लागली होती. ते जेवल्याशिवाय आडवी होत नसे. त्यांना वाटलं, थंडी वाजत असेल, झोप येत नसेल. त्यांनी तिला शाल आणून दिली होती.

"माझं? माझं दुसरं धरलंय का?"

"नाही."

ते उठले. "मग नोंद करू नका. धरेपर्यंत मी रोज येईन."

"काका, विवाहवलय जिवंत माणसासोबत राहून धरतं. आणि ते नाही, तर या दुसऱ्या लग्नाचं वियोगवलयही नाही. असं म्हणालात तर तुमचा दुखवटा कधीच संपणार नाही. जुनी नोंद घ्या आणि घरी जा."

"नको संपायला. मी कोण ते माहीत नसताना तिनं माझ्याशी लग्न केलं. मला तर ती चांगली माहीत आहे." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "उद्या किती वाजता उघडता?"