हट्टी धागे

घरच्या माणसाची स्लाइड आपण तपासायची नाही, हा लॅबमधला नियम डॉक्टरीणबाईंनी स्वतःच घातलेला. मग तो मोडायचा मानही त्यांचाच. थोरल्या भावाचं हृदय कुणा परक्याच्या हाती कसं द्यायचं? तपासणीसाठी काढलेला हृदयाचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. पण त्यात हिरवी चमक दिसली, तर दादाचं हृदय आतून ताठत चाललंय हे नक्की होणार होतं.

मायक्रोस्कोपातल्या दोन खास काचा एकमेकींना आडव्या लावल्या की सगळा उजेड अडतो. चमकतात ते फक्त काही जातीचे धागे.

चमकले. हिरवे.

बाईंनी ओठ आवळून स्लाइडखालची गोल बैठक फिरवली. ती फिरली की धागा विझतो, पुन्हा उजळतो. निसर्गाचा नियम, त्यात घरच्यांना सवलत नाही. हे धागे मात्र विझेनात. भोवतालचं मांस गरगरलं, पण ते आपले खिडकीकडे तोंड करून, रुसलेल्या जावयासारखे.

"चिकटपट्टी!" बाई ओरडल्या.

तंत्रज्ञाचं खरं नाव सगळे विसरलेले. एकदा त्याने स्लाइडखाली चिकटपट्टी लावली होती. या उजेडात ती इंद्रधनुष्यासारखी दिसते. ती पाहून बाईंनी नव्या रोगाचा अर्धा रिपोर्ट लिहून टाकला होता. तेव्हापासून त्याचं नाव चिकटपट्टीच.

"आईशप्पथ, या खेपेला मी नाही!" त्याने भिंगाला डोळा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच विनोद केला नाही. "दुसरा काप लावतो."

दुसऱ्या कापातले धागे दाराकडे वळलेले होते. दारात दादा उभा होता.

"काय गं, घातलंस का माझ्या काळजाचं लोणचं?"

"दादा, जरा कपाटापाशी जा."

तो गेला. धागेही गेले.

"आता खिडकीपाशी."

"लहानपणापासून नुसते हुकूम! मघापासून तिथेच तर बाहेर उभा होतो. घरी चाललो मी."

बाईंचा संशय चिकटपट्टीवरून भिंगावर आला, भिंगावरून स्वतःच्या चष्म्यावर. पुढे सरकायला जागा उरली नाही, तोवर अर्धा तास गेला आणि फोन वाजला. वहिनी.

"वन्सं, हे पोचले. पण हे काय खूळ? कुठेही बसवा, तोंड तुमच्या लॅबकडेच. खुर्ची फिरवली, तर उठून परत तिकडेच!"

बाईंनी बैठकीवर बोट ठेवलं. जोर लावला.

या वेळी धागे बैठकीबरोबर वळले. मंदावले.

विझले.

"हां, वळले एकदाचे. भिंतीकडे." वहिनी थांबल्या. "वन्सं, हे विचारतायत, भरदुपारी दिवा कुणी घालवला?"

बाहेर लख्ख ऊन होतं. बाईंनी बैठक हळूच मागे फिरवली.

अंधार तसाच राहिला.